मनगटावरचा जमाखर्च

यंदाच्या आषाढांत आमच्या चंदगडच्या घरीं एक नवें यंत्र आलें. पुण्यास नोकरीस असलेल्या आमच्या पुतण्यानें, बाळंतपण आटोपून माहेराहून परत आलेल्या आपल्या पत्नीस तें भेट म्हणून पाठविलें. दिसावयास घड्याळ, परंतु वेळ सांगणें हें त्याच्या कामांतील सर्वांत गौण काम. हृदयाचे ठोके किती पडले, माणूस किती पावलें चालला, झोंप किती लागली, आणि या सर्वांवर कळस म्हणजे देहानें दिवसभरांत किती उष्मांक, हल्लींच्या बोलींत कॅलरी, जाळले, हें सारें तें आपल्या काळ्या कांचेवर आंकड्यांनीं मांडून दाखवितें. शहरांत अशीं घड्याळें आतां नवलाचीं राहिलीं नाहींत, हें वाचकांस सांगणें नलगे. आमच्या घरांत मात्र हें पहिलेंच.

चंदगडचा पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ठाऊक आहे कीं, त्या दिवसांत घरांत बसून करावयाच्या करमणुकी थोड्याच उरतात. तेव्हां पहिल्या आठ दिवसांत तें घड्याळ घरांतील अकरा माणसांपैकीं बहुतेकांच्या मनगटावरून फिरून आलें. थोरल्या वहिनी ओट्यापुढें उभ्या राहून नाचणीच्या भाकऱ्या थापीत होत्या. पाऊल जागचें हाललें नसतां त्यांच्या नांवावर साडेतीनशें पावलें जमा झालीं. आमचे थोरले बंधू दादा एस. टी.नें बेळगांवास गेले, ते रस्त्यांतील खड्ड्यांच्या कृपेनें बसल्या जागीं अकराशें पावलें चालून आले. उलट आमच्या शेतावर भाताची रोपें लावावयास येणाऱ्या एका बाईंनीं हंसत हंसत तें तासभर बांधलें. गुडघाभर चिखलांत कंबरेंत वांकून केलेल्या त्या कामास घड्याळानें 'हलकी हालचाल' असा शेरा दिला. ज्यानें जन्मांत एकदां तरी रोप लावलें आहे, त्यानें या शेऱ्याची किंमत काय ती ठरवावी.

आणखी एक गंमत मागाहून उघडकीस आली. या घड्याळास आरंभीं वय, उंची, वजन आणि स्त्री कीं पुरुष हें सांगावें लागतें. पुतण्यानें तें अर्थातच सूनबाईचें भरून ठेविलें होतें. दादा अडुसष्ट वर्षांचे, वजनानें अठ्ठ्याहत्तर किलो. परंतु त्यांच्या मनगटावर असतांनाहि घड्याळाची समजूत अशी कीं, आपण एका सत्तावीस वर्षांच्या, साठ किलो वजनाच्या मुलीचा हिशेब ठेवीत आहों! हें कळल्यावर दादा कितीतरी वेळ हंसत होते. आमच्या मनांत मात्र तेव्हांपासून एक शंका राहिली. घड्याळानें भलत्याच माणसाचा हिशेब करावा, हा प्रकार दादांपुरताच घडला काय?

श्रावण लागल्यावर या गंमतीस निराळेंच वळण लागलें. सूनबाईच्या ताटांतील दुसरी भाकरी परत जात आहे, हें प्रथम थोरल्या वहिनींच्या ध्यानांत आलें. उपवासांचे दिवस, पावसाळी हवा, भूक मंद झाली असेल, असें त्यांनीं मनाचें समाधान केलें. पुढें भातावरचें तूपहि नको, रात्रीचें दूधहि नको, असें होऊं लागलें, तेव्हां त्यांनीं एके दिवशीं स्पष्टच विचारलें. सूनबाईनें उत्तरहि तितकेंच स्पष्ट दिलें. "आई, या घड्याळाप्रमाणें माझे दिवसाला अठराशें उष्मांक खर्च होतात. मी चौदाशें खाल्ले, तर उरलेले चारशें अंगांतल्या चरबींतून जातील. बाळंतपणांत वाढलेलें वजन दिवाळीपर्यंत उतरेल." मुलगी शिकलेली, वजाबाकी बिनचूक. वहिनींस त्यांत चूक दाखवितां येईना. परंतु चार महिन्यांचें तान्हें अंगावर पीत असतां आईनें भाकरी मोजून खावी, हें त्यांच्या गळीं उतरेना. अखेर हें प्रकरण आमच्याकडे आलें. आमच्या घरांत ज्या प्रश्नांचें उत्तर कोणास ठाऊक नसतें, ते आमच्याकडे पाठविण्याची जुनी वहिवाट आहे.

आम्हीं प्रथम हें शोधिलें कीं, घड्याळ मोजतें तरी काय. एक किलो पाणी सेल्सिअसच्या एका अंशानें तापविण्यास जितकी उष्णता लागते तितका हा एक उष्मांक. शास्त्राच्या भाषेंत किलोकॅलरी. देह किती उष्णता निर्माण करतो हें खरोखर मोजावयाचें, तर तो मोठा खटाटोप आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील लाव्हाझिए यानें गिनिपिग नांवाचा लहानसा प्राणी बर्फानें वेढलेल्या भांड्यांत ठेवून वितळलेल्या पाण्यावरून हिशेब केला. पुढें शंभर वर्षांनीं अमेरिकेंत ॲटवॉटर यानें माणसास कित्येक दिवस राहतां येईल अशी बंद खोली बांधविली, आणि आंतील माणसाची उष्णता व श्वासोच्छ्वास हीं दोन्ही तोलून पाहिलीं. हल्लीं तोंडावर मुखवटा बसवून प्राणवायु किती वापरला गेला हें मोजतात. मनगटावरील घड्याळ यांपैकीं कांहींएक करीत नाहीं.

तें दोनच गोष्टी स्वतः पाहतें. त्याच्या पाठीवरील बारीक हिरवे दिवे कातडीवर उजेड टाकतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतें, म्हणून दर ठोक्यागणिक परत येणारा उजेड कमीअधिक होतो, व त्यावरून ठोके मोजले जातात. दुसरी गोष्ट म्हणजे हाताची हालचाल. घड्याळ सैल असेल, बांगड्यांमुळें वर-खालीं सरकत असेल, हात गार पडला असेल, तर पहिल्या मोजणींतहि घोंटाळा होतो. बाकी सारा तर्क आहे. वय, उंची, वजन आणि लिंग हीं एका सूत्रांत घालून, अशा माणसाचा विश्रांतींतील खर्च इतका असावा असें तें धरतें. त्यावर ठोके व हालचाल पाहून कांहीं भर घालतें. कंपन्या आपलीं नेमकीं सूत्रें सहसा उघड करीत नाहींत. परंतु वय, उंची व वजन यांवरून विश्रांतींतील खर्च काढण्याची रीत जुनी आहे. हॅरिस व बेनेडिक्ट या दोघां अमेरिकन संशोधकांचें या जातीचें प्रख्यात सूत्र १९१९ सालचें, आणि तें तिकडच्याच १३६ पुरुष व १०३ स्त्रिया यांच्या मोजणीवरून बसविलेलें आहे.

तर्क किती खरा ठरतो, याची परीक्षा झालेली आहे. २०१७ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं ॲपल, फिटबिट, सॅमसंग इत्यादि सात यंत्रें साठ स्वयंसेवकांच्या मनगटांवर बांधून त्यांस बसविलें, चालविलें, पळविलें, सायकल मारावयास लाविली. आणि त्याच वेळीं ठोक्यांसाठीं विद्युत्-आलेख व उष्मांकांसाठीं श्वासाची मोजणी ठेविली. ठोक्यांच्या बाबतींत सातांपैकीं सहा यंत्रें शेंकडा पांचांच्या आंत चुकलीं; हें उत्तमच म्हणावयाचें. उष्मांकांच्या बाबतींत मात्र जें यंत्र सर्वांत चांगलें निघालें त्याची सरासरी चूक शेंकडा २७, व जें सर्वांत वाईट त्याची शेंकडा ९३! तीं यंत्रें आतां जुनीं झालीं, नवीं पुष्कळ निघालीं, हें खरें. तथापि २०२० सालीं अशा घड्याळांवरील दीडशेंहून अधिक निबंध एकत्र चाळून पाहणाऱ्या संशोधकांसहि उष्मांकांच्या कामीं भरंवशाची अशी एकहि कंपनी आढळली नाहीं.

हा आंकडा सूनबाईच्या वजाबाकीस लावून पाहा. अठराशांत शेंकडा सत्तावीस म्हणजे जवळजवळ पांचशें. जी चारशांची तूट ती इतक्या काळजीनें साधीत होती, ती सगळीच्या सगळी या चुकीच्या पोटांत मावते. वाण्याचा तराजू शेरामागें पावशेर इकडे-तिकडे होत असेल, तर त्यावर कोणी गुंजा तोलीत नाहीं. शिवाय ही झाली खर्चाची बाजू. जमेच्या बाजूस काय कमी घोंटाळा आहे? सूनबाईच्या फोनमधील नोंदवहींत 'एक भाकरी' असें लिहिलें कीं तें आपला ठरीव आंकडा मांडतें. थोरल्या वहिनींच्या हातची भाकरी आणि बेळगांवच्या खाणावळींतील भाकरी यांत किती अंतर आहे, तें त्या नोंदवहीस कोणीं सांगावें?

परंतु चूक किती, यापेक्षां ती कां होते हें अधिक मनोरंजक आहे, आणि त्याचें उत्तर आम्हांस पुण्यांत सांपडलें. तेथील के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं मधुमेहावर केलेलें काम जगप्रसिद्ध आहे. २००४ सालीं त्यांनीं व लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत आपल्या दोघांचें एक छायाचित्र छापिलें. उंचीच्या मानानें वजन किती याचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचा अगदीं सारखा, २२.३. दोघेहि दिसण्यांत सडसडीत. परंतु देहांतील चरबी मोजली, तेव्हां युडकिन यांची शेंकडा ९.१ भरली व याज्ञिक यांची शेंकडा २१.२! उंची-वजनाचें प्रमाण एकच. पण एकाच्या अंगीं स्नायूंचा वांटा मोठा, दुसऱ्याच्या अंगीं चरबीचा. स्नायु विश्रांतींतहि चरबीहून अधिक उष्मांक जाळतात. पाश्चात्य लोकांवरून बसविलेलीं सूत्रें आपल्या लोकांच्या विश्रांतींतील खर्चाचा अंदाज बहुधा जादाच करतात, असें येथील मोजण्यांतहि आढळून आलें आहे. आतां असे दोन गृहस्थ एकच घड्याळ बांधून शेजारीं शेजारीं खुर्चींत बसले, तर त्यास कळणार काय? त्यानें विचारलेल्या प्रश्नांत हा प्रश्नच नाहीं. दादांच्या मनगटावर त्यानें सूनबाईचा हिशेब केला, म्हणून आपण हंसलों. सूनबाईच्या मनगटावरहि तें कोणा तरी सरासरीच्या बाईचाच हिशेब करीत होतें.

सरासरीच्या माणसाचा हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाहीं. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील प्रा. वि. म. दांडेकर व प्रा. नीलकंठ रथ यांनीं १९७१ सालीं हिंदुस्थानांतील दारिद्र्यावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत दर माणशीं दिवसास २२५० उष्मांक मिळतील इतका खर्च ज्या कुटुंबास झेपत नाहीं तें दरिद्री, अशी रेषा आंखिली. त्यावर आक्षेप घेतला तो साताऱ्याकडील बुध गांवचे सुपुत्र, जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनीं. त्यांचें म्हणणें असें कीं, एकाच निरोगी माणसाची गरज आज एक तर उद्यां एक असते. देह आपला खर्च कांहीं मर्यादेंत स्वतःच सांवरून घेतो. म्हणून सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशीच, असें म्हणतां येत नाहीं. १९८० नंतरच्या वर्षांत दांडेकर व सुखात्मे यांचा हा वाद चांगलाच रंगला. सुखात्म्यांच्या विरोधकांस भय असें वाटे कीं, गरज अशी लवचीक धरली तर उपाशी माणसें कागदावरच जेवूं घातल्यासारखें होईल. आणि तें भय अगदींच पोकळ नव्हतें. हा वाद येथें सोडविण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. मात्र त्यांत देशांतील कोट्यवधि माणसांची मोजदाद चालली होती. इतक्या माणसांत एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीनें पुष्कळशी भरून निघते, म्हणून तेथें सरासरीस अर्थ आहे. आमच्या घरीं ताटावर एकच मुलगी बसली होती.

इतकें सारें आम्हीं सूनबाईस समजावून सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "काका, घड्याळ चुकत असेल, पण चुकलें तर दोन्हीकडे सारखेंच चुकेल ना? जादा दाखवील तसें कमीहि दाखवील." या प्रश्नापुढें आम्ही थोडे थबकलों, हें कबूल केलें पाहिजे.

उत्तर मिळालें तें गडहिंग्लजच्या डॉक्टरीणबाईंकडे. मधल्या काळांत बाळ रात्रीं दोन-दोन तासांनीं उठून रडूं लागलें होतें, आणि एके सकाळीं माडीवरून उतरतांना सूनबाईस घेरी आली. थोरल्या वहिनींनीं मग कोणाचेंच ऐकलें नाहीं. मुलीस व बाळास घेऊन त्या त्याच दिवशीं गडहिंग्लजला गेल्या. डॉक्टरीणबाईंनीं तपासलें, बाळास तोललें, सूनबाईचा हिशेब ऐकून घेतला, व एवढेंच विचारलें, "तुम्ही बाळाला अंगावर पाजतां, हें या घड्याळाला ठाऊक आहे का?"

ठाऊक नव्हतें. दूध तयार होत असतां ना हात हालतो, ना पाऊल पडतें. घड्याळानें तें पाहावें कसें? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं जे आंकडे प्रसिद्ध केले आहेत, त्यांप्रमाणें बैठें काम करणाऱ्या पंचावन्न किलो वजनाच्या स्त्रीस दिवसाला १६६० उष्मांक लागतात. आणि पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईस त्यावर आणखी ६००. म्हणजे २२६० झाले. सूनबाई चौदाशें खात होती. जी तूट ती चारशांची समजत होती, ती आठशांच्या वर गेली होती. हे आंकडेहि अखेर सरासरीचेच, आणि त्या संस्थेनेंहि ते सरासरी म्हणूनच दिले आहेत. आमच्या मुलीस नेमके किती लागतात तें कोणींहि मोजलेलें नाहीं. परंतु सहाशें उष्मांकांची आख्खी बाब हिशेबांतून गळली असतां, चूक दोन्हीकडे सारखी होईल हा भरंवसा राहत नाहीं. जमाखर्चांत एक खर्च मांडावयाचाच राहिला, तर बेरीज कितीहि बरोबर असली तरी तिजोरींत तितके रुपये कमीच भरणार.

डॉक्टरीणबाईंनीं औषध फारसें दिलें नाहीं. भूक लागेल तेव्हां पोटभर खावें, डाळ, दूध, पालेभाजी सोडूं नये, वजन उतरविण्याची घाई करूं नये, घेरी पुन्हां आली तर लगेच यावें, असें बजाविलें. आणि रक्तांतील लोह कमी भरलें म्हणून त्याच्या गोळ्या दिल्या. वजन पाहणेंच असेल तर महिन्यांतून दोनदां, सकाळीं, एकाच कांट्यावर पाहावें. बाळाचें मात्र दर महिन्यास न चुकतां पाहावें, असें त्यांनीं सांगितलें. येथें एक गोष्ट आम्हां पुरुषांच्या पदरीं घातली पाहिजे. आमच्या घरीं सूनबाई सर्वांच्या मागून जेवते. दुसरी भाकरी परत जात होती हें आम्हांपैकीं एकाहि पुरुषास दिसलें नाहीं, कारण त्या वेळीं आम्ही ओटीवर सुपारी कातरीत असतों. आतां बाळ पितें आहे तोंवर तिनें पहिल्या पंगतीस बसावें, असें वहिनींनीं ठरविलें आहे.

घड्याळ टाकून द्यावें काय, असें कोणी विचारील. आमचें मत तसें नाहीं. ठोके तें बरें मोजतें. तेंच घड्याळ, तोच माणूस, तीच वाट असेल, तर गेल्या महिन्याहून या महिन्यांत आपण अधिक चाललों कीं कमी, हेंहि त्यावरून कळतें. चढावर पूर्वी एकशेंतीस होणारे ठोके आतां एकशेंवीसच होतात, हें पाहून कोणास हुरूप येत असेल तर येऊं द्यावा. परंतु उष्मांकांचा आंकडा पाहून ताटांतलें काढूं नये, तसें वाढूंहि नये. हें दुसरें आम्ही दादांस उद्देशून लिहितों. दादांस मधुमेह आहे. सूनबाईनें घड्याळ उतरवून ठेवल्यावर पुतण्यानें त्यांत दादांचें वय-वजन भरून दिलें, आणि दादा रोज संध्याकाळीं चार किलोमीटर चालून येऊन "आज तीनशें जाळले" म्हणून मूठभर काजू तोंडांत टाकूं लागले. तालुका काजूचा, घरचे काजू, अडविणार कोण? पन्नास ग्रॅम काजूंत सुमारें २९० उष्मांक असतात. शिवाय ते तीनशें जरी खरे धरले, तरी दादा त्या तासांत खुर्चींत नुसते बसले असते तरी देहानें साठ-सत्तर खर्चिलेच असते. ते चालण्याच्या नांवावर कशाला?

सध्यां घड्याळाच्या कांचेवरील उष्मांकांचा रकाना पुतण्यानें पुण्याहूनच सांगून बंद करविला आहे, आणि काजूंचा डबा वहिनींनीं वरच्या फळीवर ठेविला आहे. स्वयंपाकघरांतील भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बाळाचें वजन सूनबाई स्वतः लिहिते. गेल्या महिन्यांत तें साडेपांचशें ग्रॅमनीं वाढलें.